शेततळ्यात मासे पाळायचेत? अनुदान, कर्ज आणि कागदपत्रं, नवख्यांसाठी पहिल्यापासून

शेततळं आहे, पाणी आहे आणि कुणीतरी सांगितलंय की मासे सोडले की सरकार साठ टक्के देतं. एवढ्या माहितीवर बरीच मंडळी जिल्ह्याच्या ऑफिसात जातात, तिथे चार कागद कमी निघतात, मग परत या, मग साहेब दौऱ्यावर, आणि तोपर्यंत पाऊस पडून बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडायचा सीझन निघून जातो. मी या सगळ्यातून गेलोय, गावातल्या बऱ्याच जणांचे अर्ज भरून द्यायला बसलोय, म्हणून जे क्रमाने करायला पाहिजे ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, पण केंद्राची योजना देशभराची आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. अनुदान मागून येतं. आधी तुमचा खर्च, मग तपासणी, मग पैसे. त्यामुळे अनुदान आलं नाही तरी हा धंदा मला परवडतो का, हा हिशोब आधी करायचा आणि मगच अर्ज करायचा.

१) पैसे कुठून येतात ते समजून घ्या

मुख्य योजना म्हणजे प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना. २०२० मध्ये सुरू झाली, एकूण आकडा २०,०५० कोटींचा, मुदत आधी २०२४-२५ पर्यंत होती ती २०२५-२६ पर्यंत वाढवली. तुम्ही वाचताय त्या वर्षी तुमच्या जिल्ह्याला कुठल्या घटकाचं किती लक्ष्यांक आहे, म्हणजे यंदा किती द्यायचं ठरलंय, हा पहिला प्रश्न ऑफिसात विचारायचा. लक्ष्यांक संपलं असेल तर कितीही चांगली फाईल असली तरी ती पुढच्या वर्षावर जाते.

हिशोब असा असतो. प्रत्येक कामाला सरकारने एक प्रकल्प खर्च ठरवून दिलाय, त्याला युनिट कॉस्ट म्हणतात. त्याच्या ४० टक्के सर्वसाधारण गटाला आणि ६० टक्के अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि महिलांना. तुम्ही प्रत्यक्षात जास्त खर्च केला तरी टक्केवारी युनिट कॉस्टवरच धरतात, वरचा खर्च तुमचा.

नवख्याला उपयोगाचे काही आकडे देतो. नवीन संवर्धन तळं खोदायला हेक्टरी ७ लाख. त्याशिवाय पहिल्या वर्षी टाकायचं बीज, खाद्य, खत वगैरे निविष्ठांसाठी हेक्टरी ४ लाख. वैयक्तिक लाभार्थ्याला २ हेक्टरपर्यंत. बायोफ्लॉकचं (टाक्यांत सतत हवा सोडून मासे पाळायचं तंत्र) छोटं युनिट, ७ टाक्यांचं, साडेसात लाख. जलाशयातल्या पिंजऱ्याला प्रत्येकी ३ लाख. गोड्या पाण्यातल्या माशांची हॅचरी, म्हणजे बीज तयार करायचं केंद्र, २५ लाख.

आता एक एकराचं तळं धरा, म्हणजे ०.४ हेक्टर. खोदाई २.८ लाख, निविष्ठा १.६ लाख, एकूण ४.४ लाख. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला यावर जास्तीत जास्त १ लाख ७६ हजार, आणि ६० टक्केवाल्याला २ लाख ६४ हजार. म्हणजे उरलेले पावणेदोन ते पावणेतीन लाख तुमचे स्वतःचे किंवा बँकेचे, आणि अनुदान हातात पडेपर्यंत तर सगळेच्या सगळे ४.४ लाख तुम्हालाच फिरवायचेत. हे गणित कागदावर मांडून घरच्यांना दाखवा, मग पुढचं वाचा.

६० टक्क्यांसाठी बायकोच्या नावावर अर्ज करायचा हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. करायला काहीच हरकत नाही, पण मग जमीन किंवा नोंदणीकृत भाडेकरार तिच्या नावावर पाहिजे, बँक खातं तिचं पाहिजे, आणि माझं म्हणणं असं की ट्रेनिंगलाही तिलाच पाठवा. आमच्या इकडे ज्या घरांत बाईने खाद्य आणि वजनाची वही हातात घेतली तिथे तळी नीट चालली आहेत, हे मी डोळ्यांनी बघतोय.

शेततळं खोदायचं अनुदान ही वेगळी गोष्ट आहे बरं का. मागेल त्याला शेततळे आणि प्लास्टिक अस्तरीकरण हे कृषी विभागाचं, महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरून अर्ज करायचा. मासे हे मत्स्यव्यवसाय विभागाचं. दोन वेगळे दरवाजे. एकाच खड्ड्याच्या खोदाईला दोन्हीकडून पैसे मागू नका, तपासणीत सापडतं आणि मग वसुली लागते.

२) पाणी आणि जागा

यात अनुदानाच्या आधीचा खरा निकाल लागतो. कटला-रोहूला विक्रीच्या वजनाला यायला दहा-बारा महिने लागतात, म्हणजे जुलै-ऑगस्टला बीज सोडलं तर मे महिना पार करायलाच पाहिजे. मे अखेरीला तळ्यात किमान पाच फूट पाणी राहतं का? स्वतःला खरं उत्तर द्या. डाळिंबाला किंवा द्राक्षाला त्याच तळ्यातून पाणी द्यायचं असेल तर एप्रिलमध्ये बाग आणि मासे यांच्यात भांडण लागतं आणि बागच जिंकते. असं असेल तर मोठ्या आकाराची बोटुकली (बोटाएवढी झालेली पिल्लं) सोडून सात-आठ महिन्यांत काढायचं प्लॅनिंग करा, किंवा मासे सोडूच नका.

मातीचं तळं असेल तर चिकणमाती धरून ठेवते, मुरमाड जागेत पाणी झिरपतं. पाण्याचा सामू (पीएच) ७ ते ८.५ च्या मधे पाहिजे. शेजारच्या शेतातलं फवारणीचं पाणी वाहून तळ्यात येतं का हे पावसाळ्यात उभं राहून बघा, कारण कीटकनाशकाला मासा फार नाजूक.

अस्तराच्या शेततळ्याला चारी बाजूंनी कुंपण आणि आत सोडलेले जाड दोर किंवा टायरची शिडी, हे मासे सोडायच्या आधी करा. प्लास्टिकवर पाय ठरत नाही, आणि मासे आले की पोरं बघायला येतातच. दरवर्षी शेततळ्यात बुडून लेकरं जातात. या खर्चाला अनुदान असो नसो, तो करायचाच.

जमीनच नाही त्यांनी काय करायचं? गावतलाव, पाझर तलाव ठेक्याने दिले जातात आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्थांचं स्थान पहिलं असतं, त्यामुळे संस्थेचं सभासदत्व घ्या. तलाव कुणाच्या ताब्यात आहे, ग्रामपंचायत की जिल्हा परिषद की मत्स्यव्यवसाय विभाग, हे आधी शोधायचं, कारण अर्ज त्याच दारात. आणि विक्रीच्या बाजूलाही मदत आहे: बर्फपेटीसह मोटारसायकलला ७५ हजारांची युनिट कॉस्ट, बर्फपेटीसह तीनचाकीला ३ लाख. तळं नसलेल्या पोरांसाठी हा रस्ता चांगला आहे आणि फार कमी लोक विचारतात.

३) ट्रेनिंग घ्या, खरंच घ्या

प्रमाणपत्र फाईलला लागतं म्हणून लोक जातात आणि मागच्या बाकावर बसून येतात. असं करू नका. जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र, मत्स्यव्यवसाय विभागाची शिबिरं, नागपूर आणि उदगीरची मत्स्य महाविद्यालयं, मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, आणि लांब जायची तयारी असेल तर भुवनेश्वरची गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची केंद्रीय संस्था. हैदराबादचं राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय विकास मंडळसुद्धा ट्रेनिंगला पैसा देतं, त्यामुळे बरीच शिबिरं फुकट किंवा नाममात्र फीमध्ये होतात.

तिथे जाऊन वहीत एवढं तरी उतरवून आणा: पाण्याचा सामू आणि ऑक्सिजन कसा मोजायचा, नमुना जाळं कसं टाकायचं, रोगट मासा कसा दिसतो. आणि ज्याचं तळं चालू आहे अशा एखाद्या शेतकऱ्याकडे एक अख्खा दिवस बसा, शक्यतो मासे काढायच्या दिवशी.

४) एनएफडीपीवर नोंदणी

केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये नॅशनल फिशरीज डिजिटल प्लॅटफॉर्म सुरू केलं. मत्स्यशेतकरी, मच्छीमार, विक्रेते, संस्था सगळ्यांनी इथे नोंद करायची. आधारला मोबाईल लिंक असला की घरबसल्या होतं, नाहीतर सीएससी सेंटरवर जा. विम्याची मदत वगैरे जे नवीन लाभ आहेत ते या नोंदणीशिवाय मिळत नाहीत. नाव आधारवर, बँकेत आणि सातबाऱ्यावर एकसारखं आहे का हे इथेच तपासून घ्या. एकीकडे बापाचं नाव मधे, एकीकडे नाही, एवढ्याने पुढे पैसे अडकतात.

५) कागदपत्रं

ऑफिसागणिक एखादा कागद कमी-जास्त होतो, पण एवढा गठ्ठा तयार ठेवला तर फेऱ्या वाचतात:

- आधार, पॅन, दोन-चार फोटो
- आधारशी जोडलेल्या बँक खात्याचं पासबुक किंवा रद्द केलेला चेक
- चालू सातबारा आणि आठ-अ, गटाचा नकाशा
- सामाईक खातं असेल तर बाकी हिस्सेदारांचं संमतीपत्र
- जमीन भाड्याची असेल तर नोंदणीकृत भाडेकरार
- जातीचा दाखला (लागू असेल तर)
- प्रकल्प अहवाल, खर्चाचं अंदाजपत्रक आणि तळ्याचा आराखडा
- माती आणि पाणी तपासणीचा रिपोर्ट
- पाण्याच्या स्रोताचा आणि वीजजोडणीचा पुरावा
- ट्रेनिंगचं प्रमाणपत्र
- ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, मागितला तर
- आधी याच कामासाठी अनुदान घेतलं नाही असं हमीपत्र, ऑफिस देतं त्याच नमुन्यात

भाडेकरारात लोक सगळ्यात जास्त अडकतात. अकरा महिन्यांचा नोटरी केलेला करार चालत नाही, नोंदणीकृत आणि बऱ्याच वर्षांचा लागतो, किती वर्षांचा ते घटकावर अवलंबून आहे म्हणून करार करायच्या आधी ऑफिसात विचारा, स्टॅम्प ड्युटी भरून झाल्यावर नको.

प्रकल्प अहवाल करून देतो म्हणून दहा-पंधरा हजार मागणारे एजंट भेटतील. साध्या तळ्याला त्याची गरज नसते. मत्स्यव्यवसाय विकास अधिकाऱ्याकडे नमुना मागा, त्यात आपले आकडे भरा. स्वतः भरलात की बँकेत साहेबाने विचारलं तर उत्तर देता येतं. आणि 'मंजुरी मी आणतो, अनुदानातले वीस टक्के माझे' असं कुणी म्हणालं तर तिथूनच उठा.

६) अर्ज ते मंजुरी

जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या ऑफिसात अर्ज जातो. ते छाननी करतात, जागा बघायला माणूस येतो, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीत विषय जातो. तिथून मंजुरी झाली की वरची प्रक्रिया होऊन तुम्हाला मंजुरीचं पत्र मिळतं. याला महिने लागतात. अर्ज दिला की आवक नंबर आणि शिक्का असलेली पोच घ्या, न घेता घरी येऊ नका, कारण चौकशीला गेल्यावर पहिलं तेच विचारतात.

मंजुरीपत्र हातात येण्याआधी जेसीबी लावू नका. मोकळ्या जागेचा फोटो, खोदताना फोटो, पूर्ण झाल्याचा फोटो, हे लोकेशन आणि तारखेसह लागतात. आधीच खोदून ठेवलेल्या तळ्याचं 'नवीन तळं' म्हणून काही होत नाही. आमच्याकडे एकाने उन्हाळ्यात जेसीबी स्वस्त मिळतोय म्हणून आधीच खोदून घेतलं, तळं झकास झालं, पण खोदाईचं अनुदान गेलं ते गेलंच.

बिलं पक्की, जीएसटीची, लाभार्थ्याच्याच नावाची आणि पैसे शक्यतो बँकेतूनच. डिझेलवाल्याला, जेसीबीवाल्याला रोख देऊन वहीवर सही घेतली तर तो पुरावा धरत नाहीत.

७) मधल्या काळातला पैसा

२०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मत्स्यपालनालाही लागू आहे, हे अजूनही बऱ्याच बँकांच्या शाखेत पटवून द्यावं लागतं. पशुपालन आणि मत्स्यपालनासाठी २ लाखांपर्यंतच्या खेळत्या भांडवलावर व्याज ७ टक्के, वेळेत फेडलं तर त्यात ३ टक्के सवलत, म्हणजे प्रत्यक्षात ४ टक्के. जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत तारणही लागत नाही. हे कर्ज खाद्य, बीज, मजुरी, वीज यासाठी आहे. खोदाईला मुदत कर्ज वेगळं घ्यावं लागतं.

मॅनेजर म्हणाला की असलं काही आमच्याकडे नाही, तर वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, पोच मागा, आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या (लीड बँक) मॅनेजरला भेटा. मासळीसाठी एकरी किती कर्ज द्यायचं हे जिल्हा पातळीवरची समिती ठरवते, तो चालू वर्षाचा तक्ता अग्रणी बँकेतून घेऊन शाखेत दाखवला की बोलणं एकदम सोपं होतं.

महाराष्ट्रात एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. वीज, कर्ज, विमा यात शेतकऱ्यासारख्या सवलती मिळाव्यात असा त्याचा हेतू आहे. वीज कनेक्शन घेताना महावितरणच्या ऑफिसात हा विषय जरूर काढा.

८) तळं तयार करणं आणि बीज

इथून पुढे कागद बाजूला आणि हात ओले.

मातीचं तळं उन्हात तडकेपर्यंत वाळवा. हेक्टरी २०० ते ५०० किलो चुना, मातीचा सामू बघून कमी-जास्त. मग शेणखत, मग पाणी. जुन्या तळ्यात मरळ, वाम, शिवडा असे मांसाहारी मासे उरले असतील तर ते तुमचं सगळं बीज खातात. वाळवणं शक्य नसेल तर मोहाची पेंड वापरतात, मीटरभर खोल पाण्याला हेक्टरी अडीच टन, आणि तिचा विषारीपणा उतरायला तीन आठवडे थांबायचं. अस्तराच्या तळ्यात माती नाही म्हणून नैसर्गिक खाद्य कमी तयार होतं, तिथे ताज्या शेणाची रबडी थोडी थोडी सोडून पाण्याला हिरवट रंग आणावा लागतो. हात कोपरापर्यंत बुडवला की तळवा जेमतेम दिसला पाहिजे, तो रंग बरोबर. हात दिसेनासा झाला तर खत बंद करा.

कुठले मासे? पहिल्या वर्षी कटला, रोहू, मृगळ. कटला वरचं खातो, रोहू मधलं, मृगळ तळाचं, त्यामुळे एकमेकांच्या तोंडचं ओढत नाहीत. प्रमाण साधारण ४:३:३. सायप्रिनस (कॉमन कार्प) वाढतो छान पण मातीचे बांध उकरतो. गवत्या (ग्रास कार्प) फक्त पाण्यात गवत असेल किंवा रोज कापून टाकायची तयारी असेल तरच. गिफ्ट तिलापिया आणि पंगस यांना विभागाची परवानगी, नोंदणी घेऊनच हात लावा. थाई मांगूरवर बंदी आहे, पाळायलाही आणि विकायलाही, हरित लवादाच्या आदेशानंतर राज्यात अशी तळी नष्ट केली गेली आहेत. कुणी 'लवकर वाढतो' म्हणून गळ्यात मारायला आलं तर हाकलून द्या. आपला देशी मागूर वेगळा, त्याला बंदी नाही.

किती सोडायचे? यात हाव सगळ्यात जास्त नडते. हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकल्या, म्हणजे चौरस मीटरला जास्तीत जास्त एक. तीस बाय तीस मीटरच्या शेततळ्यात ९०० चौरस मीटर, तर ९०० बोटुकल्या: ३६० कटला, २७० रोहू, २७० मृगळ. दुकानदार म्हणेल पाच हजार टाका. हवा मारायचं मशीन नसताना पाच हजार टाकले तर वर्षाच्या शेवटी हातात बोटाएवढेच मासे राहतात.

बीज जुलै ते सप्टेंबर मिळतं. कटला, रोहू, मृगळ हे कार्प मासे साचलेल्या पाण्यात आपोआप अंडी देत नाहीत, त्यामुळे दरवर्षी बीज विकत घ्यावं लागतं. पूर्वी तर नद्यांमधून गोळा करायचे. १० जुलै १९५७ ला ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही या शास्त्रज्ञांनी पियुषिका (मेंदूखालच्या) ग्रंथीचा अर्क माशांना टोचून प्रजनन यशस्वी केलं, म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस. आज आपण फोन करून बीज मागवतो ते त्या कामामुळे.

जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, सगळ्यात स्वस्त, पण नवख्याने जिरे घेऊ नये, जगण्याचं प्रमाण फार कमी. बोटुकली घ्या, तीन-चार इंची. सरकारी मत्स्यबीज केंद्रात आधी नोंदणी करून ठेवा, किंवा खात्रीच्या हॅचरीतून पावतीसह. केंद्रावर गेल्यावर दोन गोष्टी करा. एक, चाळणीच्या वाटीने माप देतात, तर पहिली एक वाटी तुमच्या समोर परातीत ओतून मोजून घ्या, मग वाट्या मोजा. दोन, त्याच परातीत हाताने पाणी गोल फिरवा. तब्येतीची बोटुकली प्रवाहाच्या उलट तोंड करून पोहते. दुबळी असते ती पाण्याबरोबर फिरत फिरत मधे गोळा होते. मधे गोळा होणारी जास्त दिसली तर त्या दिवशी घेऊच नका, गाडीभाडं गेलं तरी चालेल.

आदल्या दिवशीपासून बीज उपाशी ठेवलंय का तेही विचारा, पोट भरलेलं बीज पिशवीत घाण करतं आणि वाटेत मरतं. प्रवास रात्रीचा किंवा पहाटेचा. तळ्यावर आल्यावर पिशव्या लगेच फोडायच्या नाहीत. पंधरा-वीस मिनिटं बंद पिशवी पाण्यावर तरंगू द्या, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या, मग पिशवी आडवी करा आणि बीज आपणहून बाहेर जाऊ द्या. ओतायचं नाही.

९) खाद्य आणि पहाटेची फेरी

भुईमूग पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा निम्मा, किंवा तयार तरंगतं खाद्य. एकूण वजनाच्या दोन ते तीन टक्के रोज. म्हणजे ९०० मासे सरासरी १०० ग्रॅमचे झाले तर एकूण ९० किलो, त्याच्या ३ टक्के म्हणजे दिवसाला २ किलो ७०० ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ विभागून. दर पंधरा दिवसांनी फेकजाळं टाकून पंचवीस-तीस मासे धरा, वजन करा, वहीत लिहा, खाद्य बदला. ही वही पुढे बँकेला, विम्याला, तपासणीला सगळ्यांना दाखवता येते. या धंद्यात निम्म्याहून जास्त खर्च खाद्याचा असतो, म्हणून अंदाजाने टाकलेलं खाद्य थेट तोट्यात जातं.

ढगाळ दिवशी खाद्य कमी करा किंवा बंद ठेवा. रात्रभर शेवाळही ऑक्सिजन वापरतं आणि मासेही, त्यामुळे पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. पहाटे तळ्यावर गेलात आणि सगळे मासे वर येऊन तोंडं उघडी टाकून श्वास घेताना दिसले, पचपच आवाज येतोय, काठी आपटली तरी खाली जात नाहीत, तर तुमच्याकडे फार वेळ नाही. लगेच मोटार चालू करून पाण्याचा फवारा उंचावरून तळ्यात पाडा, ताजं पाणी सोडा, त्या दिवशी खाद्य आणि शेण दोन्ही बंद. लाईट पहाटे नसते हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून डिझेल इंजिन किंवा शेजाऱ्याच्या जनरेटरची सोय आधी बोलून ठेवा.

पाणकावळ्यांसाठी तळ्यावर आडव्या दोऱ्या ताणा. अंगावर लाल चट्टे किंवा चिकटलेल्या चपट्या उवा दिसल्या तर औषधाच्या दुकानात जाऊन कुठलंही औषध आणून ओतू नका, दोन मासे जिवंत पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात न्या.

बायोफ्लॉकबद्दल इथेच सांगतो. तंत्र चांगलं आहे, पण त्यात चोवीस तास हवा लागते, रोज पाणी तपासावं लागतं आणि काही तास लाईट गेली की टाकीच्या टाकी मरते. 'टाक्या आमच्याकडून घ्या, मासे आम्हीच परत विकत घेतो' असं सांगून लाखो रुपये घेतलेले आणि नंतर फोन न उचलणारे लोक आमच्या तालुक्यात येऊन गेलेत, कर्ज काढलेली पोरं अजून हप्ते भरतायत. पहिली दोन वर्षं साध्या तळ्यात हात बसवा, मग टाक्यांचा विचार करा.

१०) तपासणी, अनुदान आणि विमा

काम झालं, बीज सोडलं की ऑफिसला लेखी कळवा. तपासणीला येतात तेव्हा बिलं, बँक स्टेटमेंट, फोटो, बीजाची पावती एका फाईलमध्ये क्रमाने लावून द्या. योजनेचं नाव, वर्ष, लाभार्थ्याचं नाव असा फलक तळ्यावर लावायला सांगतात, तो आधीच लावून ठेवा. पैसे थेट खात्यात येतात, पण निधी वरून आल्यावरच, त्यामुळे महिना-दोन महिन्यांनी चौकशी चालू ठेवा.

प्रधानमंत्री मत्स्य किसान समृद्धी सह-योजनेत तळ्याचा विमा काढला तर हप्त्याच्या ४० टक्के मदत आहे, हेक्टरी २५ हजारांपर्यंत आणि एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त १ लाख. अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना या मदतीच्या रकमेवर आणखी १० टक्के. शिवाय मत्स्य संपदा योजनेतला अपघात विमा वेगळा, मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, अंशतः कायम अपंगत्वाला अडीच लाख. यासाठी ऑफिसात नाव नोंदवलंय का ते आठवणीने विचारा, स्वतःहून कुणी सांगत नाही.

११) विक्री

मासे काढायच्या महिनाभर आधी गिऱ्हाईक ठरवा. एकदम सगळं तळं उपसलं की व्यापारी भाव पाडतो, कारण त्याला माहीत असतं की तुमचा माल संध्याकाळपर्यंत थांबणार नाही. पाऊण-एक किलोच्या वरचे आधी काढा, बारके ठेवा, आठवडी बाजाराच्या दिवसाला जोडून दोन-तीन वेळा ओढजाळं मारा. जाळं नसेल तर गावातल्या भोई मंडळींशी मजुरी आधी बोलून ठरवा, किलोमागे की दिवसावर ते स्पष्ट. पहाटे काढा, लगेच बर्फ. जिवंत मासा तळ्यावरच विकता आला तर भाव सगळ्यात चांगला मिळतो, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या दिवशी टाकलं तरी पन्नास-साठ किलो सहज जातं.

श्रावणात, नवरात्रात आणि मार्गशीर्षात मागणी पडते. आषाढात, श्रावण लागायच्या आधीच्या पंधरवड्यात मागणी खूप असते, आणि नेमकं तेव्हाच नवीन बीजासाठी तळं मोकळं करायची वेळ आलेली असते, त्यामुळे शेवटची मोठी काढणी त्याच पंधरवड्यात धरा, जाळंवाल्यांना आणि बर्फवाल्याला आधीच तारीख देऊन ठेवा.